ओन्सेनची जाहिरात अटींसकट द्या

महोदय,

जपानच्या सहलींच्या जाहिरातींत ‘एक रात्र ओन्सेन हॉटेलात’ ही ओळ हल्ली हमखास असते. ओन्सेन म्हणजे ऊन पाण्याचा झरा. मुलाबाळांसह जाणाऱ्यांना तिथे काय चालते नि काय नाही, हे मात्र पैसे भरेपर्यंत कोणी सांगत नाही. सहल कंपन्यांनी ते आधी लेखी द्यावे.

आपल्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडात कपड्यांनिशी उतरता येते. ओन्सेनच्या सार्वजनिक हौदात बहुतेक ठिकाणी पोहण्याचा पोशाखही चालत नाही. स्त्री-पुरुषांचे हौद वेगळे असतात हे खरे, पण सासू-सुना एकाच हौदात म्हटल्यावर निम्मे घर खोलीतच बसणार! यावर उपाय ‘काशिकिरी-बुरो’चा, म्हणजे एका कुटुंबापुरते, आतून कडी लावता येणारे स्नानगृह. ते साधारण पाऊण तासासाठी मिळते. कुठे फुकट, कुठे वेगळे पैसे देऊन. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा खोली ताब्यात मिळते त्याच सुमारास, दुपारी तीनला, पोहोचलेले बरे. आठ वर्षांच्या मुलाला आईबरोबर बायकांच्या हौदात नेता येईल, असे गृहीत धरू नये. 2020 साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ही वयोमर्यादा दहावरून सातच्या आसपास आणली. डायपरमधल्या बाळांना तर अनेक ठिकाणी सार्वजनिक हौद बंदच असतो.

पाणीही सगळीकडे सारखे नाही. कुसात्सु या ओन्सेनच्या गावचे पाणी जवळजवळ लिंबाच्या रसाइतके आंबट; डोळ्यांत गेले की झोंबते, खरचटलेल्या जागी चुरचुरते. लहान मुलांसाठी ‘तान्जुनसेन’ हे सौम्य पाणी निवडावे. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून पैंजण आणि जोडवी खोलीतच काढून ठेवावीत. (जोडवी आयत्या वेळी निघत नाहीत, घरूनच सैल करून न्यावीत.)

हौदाचे पाणी बहुधा 40 ते 42 अंशांचे असते. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचे, फेस पूर्ण काढायचा, केस वर बांधायचे आणि मगच उतरायचे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नये. मुलांना तीन-चार मिनिटे पुरे. भरल्या पोटी उतरले किंवा बाहेर येताना झटकन उभे राहिले की चक्कर येते. आधी आणि नंतर पाणी प्यावे.

सगळ्यात मोठा घोळ जेवणाचा. ‘शाकाहारी’ एवढेच कळवले तर मांस-मासे ताटातून जातात, पण भाजी आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप ‘दाशी’त, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या पातळ रश्शात, शिजलेले असते, आणि दाशी सहसा सुक्या बोनिटो माशाची. ‘फक्त कोंबू (समुद्री शेवाळ) किंवा शिताके मशरूमची दाशी’ असे किमान आठवडाभर आधी कळवावे लागते. त्या संध्याकाळी सांगून काही होत नाही. हॉटेल नाही म्हणाले तर ‘सुदोमारी’, म्हणजे बिनजेवणाची खोली घ्यावी आणि ठेपले सोबत ठेवावेत, कारण अशा गावांतल्या खाणावळी रात्री लवकर बंद होतात.

मुलांचा दर जेवणासह आहे की नुसत्या अंथरुणाचा, हेही विचारावे. स्नानकर सहसा माणशी 150 येन असतो आणि बहुतेकदा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. बारा वर्षांखालच्या मुलांना तो बहुतेक गावांत माफ असतो.

— एक वाचक, ठाणे