पेशंट किती होते तेवढं पण छापा की

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका हॉस्पिटलची बातमी होती, तोंडाच्या कॅन्सरचे पाच वर्षं जगणारे पेशंट ६० टक्क्यांवरून ७५ वर गेले म्हणून. आमचा निपाणीचा पट्टा तंबाखूचा, त्यात धाकट्या भावाचे उपचार चालू आहेत, वहिनीनं तर ते कात्रण देव्हाऱ्यातच ठेवलंय. पण पेशंट एकूण किती ते बातमीत कुठंच नाही!

मी स्टॅटिस्टिक्स शिकवून रिटायर झालेला माणूस, मला राहवेना. समजा २० होते, म्हणजे १२ च्या जागी १५ जगले. आता आमच्यात आधी धरून चालायचं असतंय की काहीच बदललं नाही, दर अजून ६० च आहे, मग बघायचं की तरी नुसत्या योगायोगानं १५ किंवा जास्त जगायची शक्यता किती. नातवाला घेऊन बसलो, दहा चिंचोके, सहांवर चुन्याचा टिपका, डोळे मिटून एक काढायचा, बघून परत टाकायचा, असं २० वेळा. पाचव्या फेरीतच टिपक्याचे १५ आले, नातू ओरडला, आजोबा औषध लागू पडलं! कागदावर मांडलं तर शंभरात १२-१३ वेळा असं होतंयच. स्टॅटिस्टिक्सवाल्या फिशर साहेबानं १९२५ च्या पुस्तकात शंभरात ५ ही रेघ सोयीची म्हणून सांगितली, म्हणजे योगायोगाची शक्यता त्याहून कमी असली तरच फरक खरा धरायचा, लोक अजून तीच धरतात (देववाणी नव्हे ती), तिच्यात पण हे बसत नाही. याचा अर्थ औषध वाया असाही नाही हां, २० जणांवरून कळत नाही एवढंच. तेच २०० पैकी १५० जगले असते तर योगायोग लाखात एखादा, मग मी पण मान डोलावली असती.

तरी एक मेख राहतीच. तपासणीच्या कॅम्पमध्ये रोग वर्षभर आधी सापडला तर मोजणी पण वर्षभर आधी सुरू होती, माणूस जायच्या त्याच दिवशी गेला तरी हिशोबात एक वर्ष फुकट जमा. हे कुठल्या पी-व्हॅल्यूत (वर काढली ती योगायोगाची शक्यता) दिसत नाही. आणि फेऱ्या मारून कंटाळून जे यायचेच बंद झाले, त्यांना जगलेल्यात धरलं की गेलेल्यात?

वहिनीला कात्रण काढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही तेवढं हॉस्पिटलला विचारून पेशंटांचा आकडा आणि कुठल्या सालापासून मोजले ते छापा, चार ओळी पुरेत.

आपला,
एक रिटायर मास्तर, निपाणी