कारखान्यातल्या इंजिनांची दप्तरे रद्दीत जाऊ नयेत

महोदय,

आपल्या पुरवणीत वाफेच्या इंजिनांवर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. बोरघाटाची चढण, खंडाळ्याजवळचे रिव्हर्सिंग स्टेशन, १९३० साली विजेवर धावू लागलेली डेक्कन क्वीन हे सारे त्यात चांगले उतरले आहे. तथापि ‘६ डिसेंबर १९९५ रोजी देशातील वाफेचे युग संपले’ हे त्यातील विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्या दिवशी जालंधर–फिरोजपूर मार्गावर संपली ती ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक. मीटरगेजवर ती पुढेही काही वर्षे चालू राहिली, आणि दार्जिलिंग व निलगिरीच्या डोंगरांत तर वाफ आजही आहे. शिवाय हा सगळा हिशेब केवळ रेल्वे खात्याचा झाला. पोलाद कारखाने, कोळशाच्या खाणी, खत कारखाने आणि साखर कारखाने यांच्या कुंपणाआड जी इंजिने राबत होती, ती वेळापत्रकात कधी नव्हती, प्रवाशांच्या दृष्टीस पडत नव्हती, आणि त्यामुळे ती थांबली तेव्हा त्यांना हार घालायलाही फारसे कुणी गेले नाही. या पत्राचा विषय ती इंजिने हा आहे.

मुळात रुळांवरचे वाफेचे इंजिन जन्माला आले तेच लोखंडाच्या कारखान्यात. वेल्समधील मर्थिर टिडफिल येथील पेनीडॅरन कारखान्यात रिचर्ड ट्रेव्हिथिकने उभ्या केलेल्या इंजिनाने २१ फेब्रुवारी १८०४ रोजी दहा टन लोखंड, आणि वर चढून बसलेली सत्तरएक माणसे, नऊ-दहा मैल ओढून नेली. यामागे विज्ञानप्रेमापेक्षा कारखान्याच्या मालकाने लावलेली पाचशे गिनींची पैज अधिक होती. इंजिन चालले, पण त्याच्या वजनाखाली बिडाचे रूळ तुटू लागले आणि माल ओढण्याचे काम पुन्हा घोड्यांकडे गेले. ज्या ‘रॉकेट’ नावाच्या इंजिनापासून आपली पाठ्यपुस्तके बहुधा सुरुवात करतात, ते १८२९ सालचे, म्हणजे पंचवीस वर्षांनंतरचे. आपल्या देशातही क्रम हाच आहे. बोरीबंदर–ठाणे गाडीची तारीख, १६ एप्रिल १८५३, शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु त्याआधी, १८५१च्या डिसेंबरात, रुडकीजवळ गंगा कालव्याच्या सोलानी जलसेतूच्या बांधकामावर माती वाहण्यासाठी वाफेचे इंजिन चालवले गेले होते. माती आणि लोखंड आधी, तिकीट काढून बसणारे नंतर.

पोलाद कारखान्यात इंजिनाला काय काम असते, हे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. खनिज आणि कोळसा आत आणणे व तयार माल बाहेर काढणे एवढेच ते असते, तर त्यासाठी वेगळे इंजिन पाळण्याचे कारण नव्हते. खरे काम आतल्या आत असते. झोतभट्टी दर काही तासांनी फोडावी लागते, म्हणजे तिचे तोंड उघडून धातू बाहेर काढावा लागतो. त्या वेळी सुमारे दीड हजार अंश सेल्सियस तापमानाचे वितळलेले लोखंड आणि त्यावर तरंगणारी मळी अशा दोन धारा वाहू लागतात, आणि त्या झेलण्यासाठी खाली रुळांवर लेडल, म्हणजे धातू झेलणारी भांडी, व मळीची भांडी अगोदर लागलेली असावी लागतात. लोखंड थिजण्याआधी पोलाद बनवणाऱ्या विभागात पोचवायचे, मळी लांबच्या टेकाडावर नेऊन ओतायची, ओतलेले इनगॉट, म्हणजे पोलादाचे ठोकळे, लाल असतानाच रोलिंग मिलच्या भट्ट्यांकडे न्यायचे, रिकामी भांडी परत आणून लावायची. एक इंजिन अर्धा तास अडकले तर भट्टी थांबत नाही. धातू कुठे घ्यायचा हा प्रश्न मात्र उभा राहतो.

प्रशिक्षणार्थी असताना पूर्वेकडील एका पोलाद कारखान्यात हे काम मला जवळून पाहायला मिळाले. इंजिन बसके, सहा चाकांचे, पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरवरच बसवलेली. त्यामुळे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याची मागची गाडी, लागत नाही, दोन्ही दिशांना सारखेच पळते आणि पाण्याचे वजन चालत्या चाकांवर पडून पकड वाढते. इंजिन आणि भरलेले लेडल यांच्यामध्ये एक रिकामी वाघीण जोडलेली असे, ती केवळ धग अडवण्यासाठी. लेडलमधल्या धातूवर राखाडी साय धरलेली असे आणि रुळांच्या सांध्यावर धक्का बसला की तिला तडा जाऊन आतली लाली क्षणभर दिसे. ड्रायव्हरचा एक हात वाफ सोडणाऱ्या रेग्युलेटरवर आणि दुसरा ब्रेकवर, नजर पुढे चालणाऱ्या पॉइंट्समनच्या झेंडीवर. रेग्युलेटर तो उघडत नसे, नुसता सैल करत असे. धातू उचंबळून रुळांवर सांडला आणि खाली पाण्याचे डबके असले तर स्फोट ठरलेला, हे त्याला कुणी शिकवावे लागले नव्हते. पावसाळ्यात तोच ड्रायव्हर गाडी हलवण्याआधी स्वतः उतरून रुळांमधली जागा बघून येई.

अशा कामाला वाफ इतकी वर्षे का पुरली, याचे उत्तर ‘जुने ते सोने’ या वृत्तीत शोधू नये. वाफेचे इंजिन उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते. त्याला क्लच नाही, गिअर नाही, आणि मुंगीच्या गतीने तासन् तास ओझे ढकलताना तापून जळणारी विजेची मोटरही नाही. भट्टीच्या परिसरातील धूळ आणि धग यांनी नाजूक यंत्रे खराब होतात. इथे खराब होण्यासारखे नाजूक फारसे काही नव्हतेच. कोळसा दारात, पाणी दारात, दुरुस्तीला लागणारे ओतकाम आणि घडाई करणारी माणसे त्याच आवारात. डिझेलसाठी मात्र परकीय चलन मोजावे लागे. पूर्व जर्मनीत तर ऐंशीच्या दशकात तेलाची टंचाई झाली, तेव्हा मायनिंगेनच्या कारखान्याने १९८४ ते १९८८ या काळात कारखान्यांसाठी वाफेची नवी इंजिने बांधली.

ती इंजिने एका वेगळ्याच जातीची होती, आणि वाचकांना त्यांविषयी सांगण्याचा मोह आवरत नाही. त्यांना आगपेटी, म्हणजे कोळसा जळतो तो कप्पाच, नसते. जाड पत्र्याची एक मोठी टाकी बरीचशी पाण्याने भरलेली असते. तिच्यात कारखान्याच्या स्थिर बॉयलरमधून दाबाखालची वाफ सोडतात, तेवढ्या वेळात पाणी शंभर अंशांच्या बरेच वर तापते, आणि मग नळी काढून इंजिन कामाला लागते. सिलिंडरांनी वाफ ओढली की टाकीतील दाब उतरतो आणि दाब उतरला की पाण्याचा काही भाग आपोआप वाफ होतो. शेगडीवरून उतरवलेल्या कुकरची शिट्टी उचलल्यावर बराच वेळ वाफ येत राहते, तसेच. एका भरणीवर काही तास शंटिंग, म्हणजे वाघिणी इकडून तिकडे हलवण्याचे काम, होते. ठिणगी नाही, धूर नाही, फायरमन नाही. म्हणून दारूगोळ्याचे, रसायनांचे आणि कागदाचे कारखाने यांनी ही इंजिने पसंत केली. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या आसपास राहिलेल्यांना ठिणगीची भीती म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. सिंद्रीच्या खत कारखान्यात राबलेले, हेन्शेल कंपनीचे असे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. शोभिवंत इंजिनांच्या गर्दीत त्याच्यापाशी कुणी थांबत नाही, कारण ते दिसायला टँकरसारखे आहे.

वाफेचे दोषही लपवण्याचे कारण नाही. कोळशातील उष्णतेपैकी शेकडा सात-आठ भागच ओढण्याच्या कामी येतो. थंड इंजिन तयार व्हायला चार-सहा तास लागतात, म्हणून रिकाम्या वेळीही निखारे धरून ठेवावे लागतात. ठरावीक दिवसांनी बॉयलर धुऊन क्षार काढावे लागतात, राख उपसावी लागते, आणि आगपेटीच्या छतावरचे पाणी कमी झाले तर तिथला शिशाचा प्लग वितळून आग विझवतो, तोही वेळेवर वितळला तर. एकाच इंजिनावर किमान दोन माणसे, तीही उन्हाळ्यात, भट्टीशेजारी. पुढे लेडलची जागा शेकडो टनांच्या टॉर्पेडो गाड्यांनी घेतली, सलग ओतकामाच्या पद्धतीमुळे इनगॉट वाहण्याचे कामच उरले नाही, आणि डिझेल इंजिने आली. जे झाले ते योग्य झाले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ते सावकाश झाले. चीनमध्ये ‘एसवाय’ वर्गाची इंजिने पोलाद कारखाने व खाणी यांच्यासाठीच तांगशान येथे १९९९ पर्यंत नव्याने बांधली जात होती. आपल्या चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याने ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली आणि मीटरगेजचे १९७२ साली बाहेर काढले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा काळ किती अलीकडचा आहे ते कळते. बोस्नियातील तुझला येथील कोळसाखाणींवर दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बनावटीची इंजिने एकविसाव्या शतकातही कोळसा ओढत राहिली. जावा बेटावरील साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडांवर इंजिने चालली. आसामातील तिपोंगच्या खाणीत १९२४ सालचे ब्रिटनच्या बॅग्नल कंपनीचे एक बुटके इंजिन रेल्वेने वाफ सोडल्यावरही कितीतरी वर्षे वाघिणी ओढत होते.

पुण्याने यात लक्ष का घालावे, असा प्रश्न कुणी विचारील. ज्या कंपनीला पुणेकर अजून ‘टेल्को’ म्हणतात, ती १९४५ साली जमशेदपुरात इंजिने व बॉयलर बांधण्यासाठीच निघाली होती. तिच्या मीटरगेज इंजिनांनी देशभर गाड्या ओढल्या, आणि १९६६ नंतर पिंपरीचा कारखाना उभा राहत गेला तेव्हा तिकडची अनुभवी माणसे इकडे आली. त्यांपैकी काहींची कुटुंबे चिंचवड-निगडी भागात आजही आहेत. मुंढव्यापासून चाकणपर्यंत घडाई आणि यंत्रकामाचे जे जग पसरले आहे, त्याचे पोलाद अनेक दशके पूर्वेकडील भट्ट्यांतून येत होते, आणि त्या भट्ट्यांच्या पायथ्याशी ही इंजिने होती. आपल्या शहरात कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय आहे, १८५४ पासूनची परंपरा सांगणारे, २०२२ साली विद्यापीठ झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९३४ सालापासूनचे मराठा चेंबर, म्हणजे उद्योजकांची संघटना, आहे. औद्योगिक इतिहास जपण्यास इतकी अनुकूल जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, असे मी पुणेकर असूनही म्हणतो.

जुने इंजिन आणून चौकात उभे करावे, अशी माझी सूचना मुळीच नाही. चौकातली इंजिने रंगाच्या थराखाली गंजतात आणि त्यांच्यावर तिसऱ्या वर्षी फलकबाजी सुरू होते. माझी सूचना कागदांविषयी आहे. भारतीय बाष्पके (म्हणजे बॉयलर) अधिनियम, १९२३ हा कायदा रेल्वेच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील इंजिनांच्या बॉयलरना लागू नव्हता. त्यांची तपासणी रेल्वे स्वतः करीत असे. कारखान्याच्या स्वतःच्या इंजिनाला मात्र ही सूट नव्हती. त्याचा बॉयलर राज्याच्या बाष्पके निरीक्षकाकडे नोंदवावा लागे, नोंदणी क्रमांक बॉयलरवर कायमचा कोरावा लागे, आणि जास्तीत जास्त बारा महिन्यांचे प्रमाणपत्र मिळत असल्यामुळे दरवर्षी तपासणी ठरलेली असे. याचा अर्थ असा की, ज्या इंजिनांची छायाचित्रेसुद्धा कुणी काढली नाहीत, त्यांची वर्षावर्षाची हकिगत सरकारी नोंदींत लिहिली जात होती: बांधणारी कंपनी, बांधणीचे साल, परवानगी दिलेला दाब, बदललेल्या नळ्या, मालक बदलल्याची नोंद आणि शेवटी नोंदणी रद्द झाल्याची तारीख. ‘शेवटचे इंजिन कधी थांबले’ या प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर मिळालेच तर ते तिथे मिळेल.

संसदेने २०२५ साली नवा बाष्पके कायदा मंजूर केला असून १९२३ चा कायदा त्याने रद्द केला आहे. कायदा बदलला की कार्यालये आवरली जातात, नोंदी संगणकावर जातात, आणि ‘निरुपयोगी’ असा शेरा मारलेली दप्तरे प्रथम रद्द झालेल्या नोंदणींचीच असतात. कारण त्या बॉयलरचे कुणाला काही करायचे नसते. म्हणून राज्याच्या बाष्पके संचालनालयाने इंजिनांच्या बॉयलरची रद्द झालेली नोंदणी-दप्तरे नष्ट न करण्याचा आदेश आताच काढावा, आणि पेशवे दफ्तर सांभाळणाऱ्या पुणे पुराभिलेखागाराने ती मागवून घ्यावीत. मराठा चेंबरने आपल्या सभासद कारखान्यांना जुन्या सायडिंगचे, म्हणजे कारखान्यात शिरणाऱ्या रुळांच्या फाट्यांचे, नकाशे, रेल्वेशी झालेले करार व इंजिन खरेदीची कागदपत्रे तपासण्याची विनंती करावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वार्षिक प्रकल्पासाठी विषय लागतातच. बॉयलर अटेंडंट, फायरमन आणि शंटिंग ड्रायव्हर म्हणून काम केलेल्या वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम त्यांना देता येईल. हे काम मात्र या वर्षीच सुरू व्हायला हवे, कारण त्या माणसांपैकी बहुतेकांनी ऐंशी ओलांडली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्र अभियंता,
कोथरूड, पुणे