रात्रपाळीपर्यंत चिठ्ठी पोहोचावी म्हणून : सभासद व हितचिंतकांना आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि जुन्या देणगीदारांस सप्रेम नमस्कार.

विषय तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. (वेळही नाही. छापखान्याला मजकूर शनिवारी द्यायचा आहे.) आपल्या जिल्हा कारागृहातल्या तीन-प्रती आरोग्यचिठ्ठीचं (नव्या बंद्याला पाच प्रश्न विचारून त्याच्या आजाराची, जिवाच्या धोक्याची खबर दवाखान्यापासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत नेणारा कागद) दुसरं वर्ष सुरू करायचं आहे. रात्रपाळीच्या शिपायांच्या सहा तुकड्यांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे, अधीक्षकसाहेबांची लेखी परवानगीही हातात आहे. अडलंय ते पैशापाशी. ४३,५०० रुपये कमी पडताहेत.

आधी ऋण मानायचं त्यांचं मानून घेतो. पहिल्या वर्षीची पुस्तिका ज्यांनी छापून दिली त्या छापखानेवाल्या काकांनी फक्त कागदाचे पैसे घेतले, शाई आणि मजुरी स्वतःच्या अंगावर घेतली. वर तिसरी प्रत पुसट उठते म्हणून अख्खा गठ्ठा परत नेऊन दुसऱ्या कागदावर छापून आणला. सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या आपल्या सिस्टरताई गुडघेदुखी असतानाही गेल्या वर्षीच्या दोन्ही तुकड्यांना येऊन जमिनीवर बसून शिकवत होत्या. पेठेतल्या भिशी मंडळाच्या वहिनींनी एका महिन्याची भिशीच आपल्याकडे वळवली. आणि ते निवृत्त तुरुंगाधिकारी! कुठला कागद कोणत्या टेबलावर थांबतो आणि का थांबतो, हे त्यांनी पाटीवर खडूने काढून दाखवलं नसतं, तर आपण अजून पोस्टरंच चिकटवत बसलो असतो. या सगळ्यांनी नावं छापू नका असं बजावलं आहे, म्हणून छापत नाही. पण कोण ते तुम्ही ओळखताच.

आता ज्यांना अजूनही वाटतं की 'कैद्यांसाठी कशाला', त्यांच्यासाठी दोन शब्द. देशातल्या कारागृहांत दर चार बंद्यांपैकी जवळजवळ तीन न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. २०२२ साली देशभरात १,९९५ बंदी कोठडीत दगावले. त्यातले १,७७३ मृत्यू 'नैसर्गिक' रकान्यात आहेत, आत्महत्या ११९. हा नैसर्गिक रकाना आम्हाला जास्त छळतो. आजाराने गेला म्हणजे वाचला नसता असं नव्हे.

एकच उदाहरण घ्या. रोज पिणारा माणूस शुक्रवारी रात्री दहाला अटक होतो. अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी होते, पण अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत का, यावरच तिचा भर, आणि तीही पोलीस शेजारी उभे असताना. शेवटची दारू कधी घेतली हे कुणी विचारत नाही. शनिवारी न्यायालयीन कोठडी मिळते आणि संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर गाडी कारागृहाच्या दारात लागते. रविवारी डॉक्टर नाहीत. दारू तुटल्यावर थरथर, घाम, उलट्या ६ ते २४ तासांत दिसू लागतात, झटके येणार असतील तर साधारण ६ ते ४८ तासांत येतात. भ्रम, नसलेली माणसं दिसणं, ताप, छाती धडधडणं हे सगळं ४८ ते ९६ तासांत. मांडा हिशेब : रविवार रात्र ते मंगळवार रात्र. तो ओरडतो, अंगावरचे नसलेले किडे झटकतो. बराक वैतागते, शिपायाला वाटतं नाटक करतोय, आणि त्याला वेगळ्या खोलीत एकटं ठेवलं जातं. ज्याच्यावर डोळा ठेवायचा तोच नजरेआड! डायझेपाम किंवा लोराझेपाम (झटके आवरणारं, शांत करणारं औषध) वेळेवर मिळालं, ग्लुकोज चढवण्याच्या आधी थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दिलं (नंतर नव्हे), पाणी आणि क्षार सांभाळले, तर असा माणूस बहुतेक वेळा वाचतो.

मिरगीवाल्याची गत याहून साधी. गोळ्या खिशात असतात, पण चिठ्ठीशिवायच्या सुट्या गोळ्या दारात जमा होतात. हे बरोबरच आहे, कुणी काय आत नेईल सांगता येत नाही. पण रोजची गोळी एकाएकी थांबली की झटक्यामागून झटका येऊ शकतो. घरच्यांकडे डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असतो, आणि मोबाइल दाराबाहेर. म्हणून गेल्या वर्षी मुलाखतीच्या (म्हणजे घरच्यांच्या भेटीच्या) रांगेजवळ आपण औषध-माहितीचा छापील अर्ज ठेवला. नाव, वडिलांचं नाव, आजार, गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, शेवटची कधी घेतली. अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पेटीत टाकायचा, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स जोडायची. लिहिता येत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक लिहून देतात.

आरोग्यचिठ्ठीत प्रश्न पाचच आहेत, पण विचारायची रीत आहे. सगळ्यांसमोर "दारू पितोस का?" म्हटलं की उत्तर "नाही साहेब". बाजूला घेऊन "शेवटची कधी घेतली?" म्हटलं की तो आठवून सांगतो. दुसरा प्रश्न झटक्यांचा, तिसरा रोजच्या औषधाचा. चौथा : जीव द्यावासा वाटतो का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. हा प्रश्न विचारायला शिपाई कचरतात, विचारल्याने डोक्यात भरेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, उलट कुणी विचारलं म्हणून माणूस बोलतो. पाचवा : तू इथे आहेस हे घरी कुणाला माहीत आहे? याचं उत्तर "कुणालाच नाही" आलं तर त्याच दिवशी फोनची सोय बघायची.

पांढरी प्रत दवाखान्यात, गुलाबी कारागृहाच्याच न्यायालयीन विभागात (कोर्टाचे कागद बघतात तिथे), पिवळी बराकीच्या पहाऱ्यावर. पिवळ्या प्रतीवर आजाराचं नाव नसतं. एचआयव्ही किंवा मानसिक आजार चारचौघांत फुटला तर त्या माणसाचं आत जगणं कठीण होतं. तिथे फक्त काय करायचं ते : 'एकटा ठेवू नये', 'दाराजवळ झोपवावे', 'दर पंधरा मिनिटांनी पाहावे', 'झटका आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये'. गुलाबी प्रतीचं कारण असं, की जामीन फेटाळला किंवा शिक्षा लागली हे न्यायालयीन विभागाला दुपारीच कळतं आणि बराकीवरच्या शिपायाला कळतच नाही. ती रात्र वाईट असते. त्या दिवशी गुलाबीवर शिक्का मारून पिवळी नव्याने काढायची, एवढंच काम.

पहिल्या वर्षी फसलं काय, तेही सांगतो. पिवळ्या प्रती कचेरीतच साठल्या, कारण पहाऱ्याच्या वहीला त्या ठेवायला कप्पाच नव्हता. आता वहीच्या पुठ्ठ्याला प्लास्टिकचं पाकीट चिकटवून मिळणार आहे. श्वास थांबलेल्याची छाती दाबण्याचा सराव उशीवर केला. उशी दाबून ५ ते ६ सेंटिमीटर म्हणजे किती, हे हाताला कळत नाही, म्हणून पुतळे हवेत. आणि पहाऱ्याच्या नोंदी. 'रात्री २, ३, ४ : सर्व ठीक' एकाच शाईत, एकाच दमात. फेरी ठरल्या ठोक्याला मारली की आत सगळ्यांना वेळ पाठ होते, म्हणून फेऱ्या मागेपुढे करायला शिकवायचं आहे.

प्रशिक्षण दोन अर्ध्या दिवसांचं. पहिल्या दिवशी पाच प्रश्न, एकमेकांना विचारून. दुसऱ्या दिवशी तातडीचं काम : कुणी लटकलेला दिसला तर एकाने अंग उचलून धरायचं, दुसऱ्याने आकडी-सुरीने (फास कापायची आकड्यासारखी वाकडी सुरी) गाठीच्या वर कापायचं. गाठ तशीच ठेवायची, पुढे चौकशीत ती लागते. गळा मोकळा करून लगेच सपाट जमिनीवर घ्यायचं. श्वास नसेल तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब, मग २ श्वास, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेला हात उथळ दाबतो. मेंदूला प्राणवायू नसला की चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. रात्री किल्ली येईपर्यंत किती मिनिटं जातात याचीही रंगीत तालीम घ्यायची, घड्याळ लावून. सुरी कुठल्या पेटीत आणि पेटीची चावी कुणाकडे, हेही त्याच दिवशी भिंतीवर लागायला हवं.

यातलं काहीच आपल्या डोक्यातून निघालेलं नाही. कारागृहांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याचं किमान प्रशिक्षण द्यावं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. कर्मचाऱ्यांना शिकवा, निवडक बंद्यांनाही धोका ओळखायला शिकवा, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या जून २०२३ च्या सूचनांत आहे. माणूस गेल्यावर २४ तासांत आयोगाला कळवायचं, हे तर १९९३ पासून. जिवंत असताना पन्नास पावलांवरच्या पहाऱ्याला कळवायचं मात्र अजून चिठ्ठीवर अडलं आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या भरपाईचं धोरण मंजूर केलं. त्यात आत्महत्येच्या प्रकरणी वारसांना १ लाख रुपये आहेत. आपण मागतोय ते त्याच्या निम्म्याहूनही कमी.

थोडं मनातलं. गेल्या वर्षीच्या आवाहनाला सभासद यादीतल्या फार थोड्यांनी उत्तर दिलं. गणपतीची वर्गणी नाही म्हणायला जड जाते, आमचं पावतीपुस्तक परत पाठवायला जात नाही. एका सद्गृहस्थांनी "चांगल्या कामाला या" असं सांगितलं. असो.

हिशेब : तीन-प्रती पुस्तिका ६० × १४० = ८,४००; सरावाचे पुतळे २ × ९,५०० = १९,०००; आकडी-सुऱ्या १२ × ४५० = ५,४००; रक्तदाब, साखर व ऑक्सिजन मोजायची यंत्रं, एक संच ६,२००; साखरेच्या पट्ट्या ४०० × १८ = ७,२००; सहा तुकड्यांचं चहा-नाश्ता, छपाई व शिकवणाऱ्यांचा प्रवास ६ × ३,५०० = २१,०००. एकूण ६७,२००. शिल्लक २३,७००. वहीची पाकिटं छापखान्याकडून भेट.

चेक मंडळाच्या नावाने, शक्यतो रोख नको, पावती त्याच वेळी घ्यावी. वस्तुरूप मदत चालेल, पण यंत्रं बिलासह (बिलाशिवाय दारातून आत जात नाहीत) आणि पट्ट्यांची मुदत किमान आठ महिने हवी. मानसोपचार किंवा भूल विभागातले डॉक्टर, परिचारिका यांचा अर्धा दिवस मिळाला तर पैशाइतकाच मोलाचा. नाव व ओळखपत्राची प्रत दहा दिवस आधी, परवानगीला वेळ लागतो. भेटायची जागा नेहमीचीच, वाचनालयाच्या मागची खोली, सोमवार सोडून संध्याकाळी ६ ते ८, कोषाध्यक्षांकडे. पहिली तुकडी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे, पुतळे त्याच्या आठवडाभर आधी मागवावे लागतील.

आपला,
सचिव