वाळवणावर पडलेली राख

चोलुला, मेक्सिको, १४ मार्च

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "पण पळायला रस्ता आहे ना?" रस्ता आहे. पण पळायची वेळ आलेली नाही. टीव्हीवर दाखवतात तो लालबुंद ज्वालामुखी, पोपोकातेपेत्ल, आणि माझ्या गच्चीवरून दिसणारा डोंगर एकच आहे, हे खरं. पण तो आमच्यापासून पस्तीसेक किलोमीटर लांब आहे आणि १९९४ पासून असाच धुमसतोय. गावातल्या पोरांनी तो शांत असलेला कधी बघितलेलाच नाही. धोका किती ते सांगायला सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे इशारे असतात. बहुतेक वेळा पिवळाच असतो. शिखराभोवती १२ किलोमीटरच्या आत जायला बंदी आहे आणि मला जायचंही नाही.

बाबा, तुमच्यासाठी आकडे. पोपोकातेपेत्लची उंची ५,४०० मीटरच्या आसपास. कळसूबाई तीनदा एकावर एक ठेवली तरी पुरायची नाही. आमचं गावच मुळी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा ५०० मीटर उंचावर आहे. पहिल्या आठवड्यात जिना चढताना मला धाप लागायची, आणि साध्या पातेल्यात तर डाळ शिजायचं नावच घेत नाही. कुकर आणला नसता तर उपाशी राहिले असते.

आता मुख्य हकीकत. मागच्या रविवारी मी बटाट्याचा कीस घातला होता. इथे पावसाळा मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, बाकी कोरडं ऊन, त्यामुळे मार्च म्हणजे वाळवणाचे दिवसच. तीन किलो बटाटे किसले, वाफवले, तिखट-मीठ लावलं आणि गच्चीवर जुन्या चादरीवर पसरले. दुपारी दोनला आत येऊन जरा पडले. उठून बघते तर सगळा कीस करडा. आधी वाटलं बुरशी आली. बोट फिरवलं तर हाताला कचकच लागली, चाळलेल्या सिमेंटसारखी. झाडांच्या पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, खालच्या गाडीच्या काचेवर, सगळीकडे तेच. डोंगराने खाकरून थुंकलं होतं आणि वारा आमच्याच दिशेने होता.

मग मी जे केलं ते तुझ्या वळणाने केलं, आई. झाडण्याआधी पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. मी नुसतं शिंपडलं नाही, चांगल्या चार बादल्या ओतल्या. खालून घरमालकीणबाई ओरडत वर आल्या, "आग्वा नो! आग्वा नो!" म्हणजे पाणी नको. तोवर उशीर झाला होता. ही राख म्हणजे आजी भांडी घासायची ती चुलीतली राख नव्हे. ही दगडाची आणि काचेची पूड. ओली झाली की घट्ट बसते. गच्चीचं गटार तुंबलं ते दोन दिवस. प्लंबरचे पैसे मी देऊ केले तर बाईंनी घेतले नाहीत, पण तोंडसुख भरपूर घेतलं. त्यातलं निम्मं मला कळलं.

त्यांनी शिकवलेली पद्धत अशी. आधी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट लावायचं. नाकातोंडाला फडकं बांधायचं. मग कोरडंच, हलक्या हाताने झाडायचं आणि पिशवीत भरून तोंड बांधून ठेवायचं. गाडीच्या काचेवर वायपर फिरवायचा नाही, ओरखडे पडतात. थोडी राख बाई कुंड्यांत घालतात, जिरेनियम झकास येतं म्हणे. सगळी गल्ली दारात उभी राहून झाडत होती आणि गप्पा मारत होती, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे फटाक्यांचा कचरा झाडतात तशी. घाबरलेलं कोणी नव्हतं. वैतागलेले सगळे होते.

डोंगराला इथे पोपो म्हणतात, पण लाडाने 'दोन गोयो'. दोन म्हणजे आपलं राव किंवा पंत, आणि गोयो हे ग्रेगोरिओचं लघुरूप. संत ग्रेगोरिओचा दिवस १२ मार्च, तोच डोंगराचा वाढदिवस. पायथ्याच्या गावातले लोक त्या दिवशी फुलं, फळं, जेवण आणि चक्क नवे कपडे घेऊन वर जातात. परवा तो झाला. बाई म्हणाल्या, वाढदिवस जवळ आला की त्याला जरा चढतेच. आपल्याकडे जेजुरीच्या देवाबद्दल बायका बोलतात ना, तो सूर.

देवाधर्माला इथे तोटा नाही. चोलुलात वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५ देवळं आहेत, असं लोक अभिमानाने सांगतात. प्रत्यक्षात खूप कमी आहेत, पण पहाटे फुटणारे बाण मोजले तर ३६५ खरेच वाटतात. प्रत्येक पेठेचा आपला संत. त्या सणाचा मान आणि खर्च वर्षभर एका घराकडे असतो, जत्रेच्या मानकऱ्यासारखा. आणि गावाच्या मध्यभागी जी टेकडी आहे, जिच्यावर पिवळं चर्च आहे, ती टेकडी नाहीच. तो पिरॅमिड आहे! पायाची एकेक बाजू साधारण ४०० मीटर, आकारमानाने इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षाही मोठा. वर माती आणि गवत. मी महिनाभर रोज तिच्या कडेने कामाला जात होते आणि मला पत्ता नव्हता.

जेवणाचं विचारलंस. मांसाशिवाय हवं म्हणून 'सिन कार्ने' म्हटलं की कोंबडी घालून देतात, कारण कोंबडी म्हणजे 'कार्ने' नव्हे. शिजवलेल्या घेवड्यातही बऱ्याचदा डुकराची चरबी असते, ती विचारून घ्यावी लागते. पण मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे इथल्या भाकऱ्या, उत्तम. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात. दुकानात किलोवर मिळतात, आपलं फडकं घेऊन रांगेत उभं राहायचं. भोपळ्याच्या फुलांची भाजी तर थेट आजीच्या हातची. आणि बाबा, मक्याच्या कणसावर काणी येते, काळी फुगलेली, तुम्ही उपटून जाळायला लावायचा ती? तिला इथे 'वित्लाकोचे' म्हणतात, बाजारात चांगल्या मक्यापेक्षा महाग विकतात आणि टॉर्टियात घालून खातात. मी खाल्ली. अळंबीसारखी लागते. पाटलांना सांगा, दोन एकर फुकट घालवले.

कंपनीने मुक्काम जूनअखेरपर्यंत वाढवलाय. तीन महिन्यांचे अकरा झाले, यावर मी काही लिहीत नाही, फोनवर बोलू. गुढीपाडव्याला श्रीखंड करीन, इथलं दही चक्क्याला बरं पडतं. कडुलिंब मिळाला नाही.

कीस दुसऱ्यांदा घातला, या वेळी घरात, खिडकीशी. तळून बाईंना दिला. त्यांनी वर लिंबू पिळलं, लाल साल्सा ओतला आणि म्हणाल्या, आता झाला खाण्यासारखा. मी गप्प बसले, गटाराचं अजून ताजं आहे.

बाबा, आपल्याकडचा सह्याद्री लाव्ह्याचा म्हणून तुम्ही वर्गात सांगायचात आणि आम्ही मागच्या बाकावर पेंगायचो. तुमच्यासाठी रविवारची राख हॉर्लिक्सच्या बरणीत भरून ठेवलीय. विमानतळावर कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते तेवढं कळवा.

तुमची,
मनू