दुकान फक्त १ ते ४ उघडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘तरुण गेमर्सचा संयम सुटला’ हा लेख वाचला. शेवटी आपल्या लेखकाने सल्ला दिला आहे की कंपनीला थोडा वेळ द्यायला हवा, आजच्या पिढीला सगळं लगेच हवं असतं. मी ६१ वर्षांची आहे. कंपनीला गेल्या शुक्रवारी रात्री ९ पासून वेळच देते आहे, आणि त्याआधी दीड महिना पैसेही देऊन ठेवले होते. पूर्ण २,९९९ रुपये, पेन्शनमधले.

गेम शहर वसवण्याचा, आणि एकट्याने खेळला तरी इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरशी (त्याला सर्व्हर म्हणतात) जोडूनच चालणारा. नाव मी लिहीत नाही. तुमच्या लेखात ते सात वेळा आलं आहे, तेवढी जाहिरात पुरे.

शुक्रवारी जेवणं लवकर उरकून, ओटा आवरून कॉम्प्युटरपुढे बसले. पडद्यावर छानसं शहर, वर ढग, खाली एक चौकट: ‘आपण रांगेत आहात. २० मिनिटं.’ आकडे उलटे मोजत होते. म्हटलं ठीक, तेवढ्यात साबुदाणा भिजवून घेऊ. साबुदाणा भिजवून आले, दही लावून आले. आकडा शून्यावर आला, चौकट जराशी लुकलुकली आणि पुन्हा २० मिनिटं. हे साडेअकरापर्यंत चाललं. लग्नाच्या पाचशे पत्रिका वाटायच्या आणि पंचवीस पानं मांडायची, वर पाहुण्यांना म्हणायचं की गर्दी अनपेक्षित होती! अहो, आगाऊ पैसे किती जणांनी भरले हे तुमच्याच वहीत लिहिलेलं होतं ना?

माझा भाचा हिंजवडीला सर्व्हरचंच काम करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, “मावशी, अगं पहिल्या आठवड्यात असं होतंच.” म्हटलं, मग पहिल्या आठवड्याचे पैसे कशाला घेतले? त्यावर त्याला ऑफिसचा दुसरा फोन आला.

शनिवारी शोध लागला की दुपारी १ ते ४ रांग नसते, कारण तेव्हा अमेरिका झोपलेली असते. पुण्यातल्या १ ते ४ वर जगाने विनोद केले, आम्ही ते चवीने ऐकून घेतले. आता एवढी मोठी कंपनी, आणि तिचं दुकान फक्त १ ते ४ उघडं! शनिवार, रविवार, सोमवार अशा तीन दुपारच्या झोपा सोडून मी शहर उभं केलं. नाव ‘नवी सदाशिव’. वस्ती ३८ हजार. पाण्याच्या टाक्या टेकडीवर, कचरा वाऱ्याच्या उलट्या अंगाला, आणि दोन्ही शाळा अशा ठिकाणी की एकाही पोराला हमरस्ता ओलांडावा लागू नये. सांगण्याचं कारण, मी एकतीस वर्षं ड्राफ्ट्समनचं काम केलं आहे. (ड्राफ्ट्सवुमन असा शब्द आमच्या ऑफिसात कुणी काढला नाही.) ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली तर ब्लेडच्या कोपऱ्याने ती खरवडायची, भोक पडू द्यायचं नाही, मग नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा आणि पुन्हा रेघ मारायची. ते करण्यात हयात गेली, त्यामुळे रस्ता एक घर चुकला तरी मला चैन पडत नाही. सोमवारी एक चौक मी चार वेळा पाडून बांधला.

मंगळवारी १ वाजता उघडलं तर एक रस्ता आणि एक पाण्याची टाकी. शनिवारी पहिल्या दहा मिनिटांत केलेलं तेवढंच. बाकीचं शहर ‘सर्व्हरशी जुळवताना आढळले नाही’. आमच्या घरात १९६१ चा पूर पाहिलेली आई आहे, म्हणून पानशेतची उपमा देत नाही. पण निदान तेव्हा पाणी दिसलं होतं.

पैसे परत मागितले. उत्तर आलं की दोन तासांहून जास्त खेळलेल्यांना परतावा नाही. ‘आपण ११ तास खेळला आहात.’ हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं की रांगेत बसले तो वेळही खेळण्यात धरला होता. म्हणजे साबुदाणा भिजवला तोही त्यांच्याच खात्यावर.

आता आपल्या लेखकाने ‘अभूतपूर्व तांत्रिक अडचण’ असं लिहिलं आहे त्याविषयी. यात अभूतपूर्व काय? ५ मार्च २०१३ आठवत नसेल तर मी आठवण करून देते. मॅक्सिस या स्टुडिओने केलेला आणि ईए कंपनीने विकलेला नवा सिमसिटी, शहर वसवण्याचाच गेम, त्या दिवशी अमेरिकेत आला. एकट्याने खेळायचं तरी इंटरनेट हवंच, शहरं त्यांच्या सर्व्हरवर. लोकांना तासन् तास आत शिरता येईना, बांधलेली शहरं गायब होऊ लागली. भार कमी करायला खेळाचा सगळ्यात जलद वेगच बंद करून टाकला. ॲमेझॉनने काही काळ डाउनलोडची विक्री थांबवली. शेवटी ईएने खरेदीदारांना दुसरा एक गेम फुकट देऊन माफी मागितली. मॅक्सिसच्या प्रमुख लुसी ब्रॅडशॉ यांचं म्हणणं होतं की बरीचशी आकडेमोड सर्व्हरवर होते, त्यामुळे इंटरनेटशिवाय चालवायचा म्हणजे मोठंच काम आहे. काही दिवसांतच एका खेळाडूने थोडी खटपट करून तो इंटरनेटशिवाय चालवून दाखवला. आणि मार्च २०१४ मध्ये कंपनीने स्वतःच ती सोय दिली. मग आधीचं वर्षभर काय चाललं होतं?

तो गेम मी तेव्हा घेतला नव्हता. पुण्याची आहे, आधी दुसऱ्याचं काय होतंय ते बघते. ऐकलं ते एवढं की शहराला जागा दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटर, म्हणजे शनिवारवाड्यापासून निघालं की स्वारगेटला गाव संपलं. आणि कामावरून सुटलेला माणूस आपल्या घरी न जाता वाटेत मोकळं दिसेल त्या पहिल्या घरात शिरायचा. गाड्या मात्र शेजारचा रिकामा रस्ता सोडून सगळ्यात जवळच्याच रस्त्यावर तुंबायच्या. एवढं बहुधा त्यांनी लक्ष्मी रोडला उभं राहून पाहिलं असावं.

दोन वर्षांनी फिनलंडच्या टाम्पेरे गावातल्या डझनभर माणसांच्या कंपनीने सिटीज स्कायलाइन्स हा तसाच गेम काढला. इंटरनेट नसलं तरी चालणारा. ज्या महिन्यात तो आला, त्याच महिन्यात, म्हणजे मार्च २०१५ मध्ये, मॅक्सिसचा अमेरिकेतल्या एमरिव्हिलचा स्टुडिओ बंद झाला. एवढं सगळं होऊन गेल्यावर यंदाच्या या शहाण्यांनी पुन्हा तेच करावं आणि आपल्या लेखकाने मला संयम शिकवावा!

इंटरनेटच्या सक्तीचं कारण काय सांगतात, तर शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंच्या, शहरांशी व्यापार. मला शेजारच्या शहराशी व्यापार करायचा नाही. खरं कारण चोरून कॉपी करणाऱ्यांचं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझ्याकडे २००३ चा सिमसिटी ४ आहे. त्याच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर राखून ठेवला आहे, फाटक्या इरकलीच्या आवरणाखाली. लाइट गेली तर यूपीएस दहा मिनिटं टिकतो, तेवढ्यात शहर सेव्ह होतं आणि ते माझ्या टेबलाखालच्या पेटीत राहतं. कुणाच्या परवानगीने नाही. नव्या गेमच्या पेटीत (पेटी म्हणजे एक पुठ्ठा आणि त्यावर क्रमांक) मी नेमकं काय विकत घेतलं ते मला अजून समजलेलं नाही. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा २०१४ चा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर काढून घेऊन संपवला, ज्यांनी रोख पैसे मोजले त्यांच्यासाठीसुद्धा. कपाटातल्या वस्तूला मालक कोण, यावर आपल्या पुरवणीत कधी लेख येईल का? की त्याला मोबाइलच्या जाहिरातीशेजारी जागा मिळत नाही?

आज गुरुवार. सकाळपासून लाइट नाही, म्हणून हे हाताने लिहिते आहे आणि भाचा संध्याकाळी फोटो काढून तुम्हाला पाठवेल. कालचा तो लेख पुन्हा नीट वाचावा म्हणून मोबाइलवर तुमचा ई-पेपर उघडला, तर त्याने आधी लॉगिन मागितलं, मग ओटीपी, मग म्हणाला की आपण दुसऱ्या उपकरणावर आत आहात. दुसरं उपकरण लाइटीअभावी बंद. शेवटी रद्दीच्या गठ्ठ्यातून कालचा अंक काढला. त्याने काही विचारलं नाही.

पत्र छापणार असाल तर ‘ज्येष्ठ नागरिकाची व्यथा’ असं शीर्षक देऊ नये.

आपली,
एक वाचक (नाव छापू नये)
सदाशिव पेठ, पुणे ३०

ता. क. रविवारच्या शब्दकोड्यात आडवा १४, ‘पुण्यातून वाहणारी नदी’, चौकटी तीन. सोमवारी उत्तर छापलंत ‘मुठा’. तिसरी चौकट नदीपात्रातल्या रस्त्यासाठी ठेवली होती का, तेवढं कळवावं.