ऑर्लँडोला एकटीने जाण्याविषयी

सांगली,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचा, तिथल्या मनोरंजन उद्यानांचा, विषय काढलास आणि "मी एकटीच गेले तर कसे वाटेल, आई?" असे विचारलेस, तेव्हा पुढचे काही ऐकून न घेता "एकटीने कशाला जायचे तिथे?" असे म्हणून मी मोकळी झाले. तू लगेच विषय बदललास. फोन ठेवल्यावर बाबांनी मला एवढेच विचारले, की मनूने परवानगी मागितली होती की मत. चौतीस वर्षांची, दहा वर्षे परदेशात स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी परवानगी मागत नसते, हे मलाही कळते. तेव्हा तीन दिवस विचार करून माझे मत नीट लिहीत आहे. फोनवर माझ्या तोंडून काळजीच आधी बाहेर पडते. कागदावर तिला थांबवता येते.

तुझ्या दोघी मैत्रिणींचा बेत फिसकटला, त्यात कोणाचा दोष नाही. एकीला सहावा महिना लागेल आणि दुसरीला रजा मिळत नाही. आता पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे, की ठरल्याप्रमाणे एकटीने जायचे, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या त्या नकारामागे काय होते, ते मी स्वतःला विचारून पाहिले. मला डोळ्यांसमोर तू दिसलीस, मुलाबाळांच्या गर्दीत एका टेबलावर एकटी जेवणारी, आणि ते चित्र मला सहन झाले नाही. पण ते चित्र तिथले नाही. इथे लग्नाकार्यांत "मनूचे काय ठरले?" असे विचारणाऱ्या बायकांच्या नजरेतून मी ते पाहिले, आणि ती नजर तुझ्या सहलीवर लादली, ही माझी चूक झाली.

तरीही तुझी शंका अगदी निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. ती जागा मुळात कुटुंबांसाठीच कल्पिलेली आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसमधल्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर बसवायला नेत असत आणि मुली फेऱ्या मारीत असताना स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसत. आईवडील आणि मुले यांना मिळून मौज करता येईल अशी एखादी जागा असायला हवी, हा विचार आपल्याला तिथे सुचला, असे त्यांनीच पुढे सांगितले, आणि त्यातून १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभे राहिले. फ्लोरिडाचे उद्यान पाहायला ते उरले नाहीत. डिसेंबर १९६६ मध्ये ते गेले; थोरल्या भावाने, रॉय यांनी, आपली निवृत्ती लांबणीवर टाकून ते काम पुरे केले, १ ऑक्टोबर १९७१ रोजी त्याचे दरवाजे उघडले आणि नावात धाकट्या भावाचे पूर्ण नाव राहील असा आग्रह धरला. तेव्हा तिथे चहूकडे आईबाप, आजीआजोबा आणि ढकलगाड्यांत झोपलेली मुले दिसणार, हे धरूनच चालावे लागेल. मात्र या हकिगतीत मला राहून राहून तो बाक दिसतो. त्यावर बसलेला बाप त्या घटकेला एकटाच होता, आणि हातात दुसरे काही काम नव्हते म्हणूनच त्याचे लक्ष आजूबाजूला गेले.

मला मात्र सहलीत असा वेळ कधी मिळाला नाही. सत्तावीस वर्षे मी शाळेच्या सहली नेल्या. एस्सेलवर्ल्डला आम्ही दोनदा गेलो. आता ते बंद झाले आहे, पण तेव्हा मार्वेच्या धक्क्यावरून लाँचने खाडी ओलांडून जावे लागे. तिथे कोणते पाळणे होते, असे मला आज विचारलेस तर सांगता येणार नाही. मला आठवतात त्या परतीच्या लाँचवर चढताना मोजलेल्या ओल्या वेण्या. एकदा त्रेचाळीसऐवजी बेचाळीस भरल्या, आणि ती राहिलेली लाल रिबीन लाँचच्या पलीकडच्या कठड्याला टेकून समुद्र पाहत उभी असलेली सापडेपर्यंत माझ्या पायांतले बळ गेले होते. मुलींबरोबर जाणे मला आवडत असे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याच्यावर माणसे मोजण्याची जबाबदारी असते, त्याला जागा दिसत नाही.

जुलै २०१८ मध्ये आपण तिघे ऑर्लँडोला गेलो, तेव्हा तिथल्या ॲनिमल किंगडम या उद्यानात तू आणि बाबा एव्हरेस्टच्या राइडला गेलात आणि मला चक्कर येते म्हणून मी तिन्ही पिशव्या, बाबांची टोपी आणि तुझा चष्मा घेऊन बाहेर बाकावर थांबले. मध्येच विजा चमकू लागल्यामुळे राइड थांबली आणि तुम्हाला यायला दीड तास लागला. तुम्ही दोघे माझी क्षमा मागत होतात, आणि मी "काही नाही, बसले होते" एवढेच म्हणाले. खरे आज सांगते. संपूर्ण सहलीतला तो दीड तास मला सर्वांत स्पष्ट आठवतो. त्या भागाला त्यांनी आनंदपूर असे नाव दिले आहे, हिमालयाच्या पायथ्याचे एक काल्पनिक राज्य, आणि सगळीकडे रंग उडालेल्या भिंती व विटलेल्या प्रार्थनापताका मुद्दाम केलेल्या आहेत. पाऊस आला तेव्हा छपराखाली सरकून मी त्या भिंती पाहत राहिले. नवी भिंत जुनी दिसावी म्हणून कोणीतरी पन्हाळीखालचा ओघळसुद्धा शेवाळी रंगाने रंगवला होता. आपल्या वाड्याच्या मागच्या भिंतीवर अगदी तसाच ओघळ आहे. तुम्ही बरोबर असता तर मी तो पाहिला नसता, आणि पाहिला असता तरी तुम्हाला घाई होती. म्हणजे त्या उद्यानात एकटीने असण्याचा अनुभव या घरात कोणाला असेल तर तो मला आहे, आणि तो वाईट नव्हता.

त्याच राइडची एक गोष्ट तू तेव्हा सांगितली होतीस. गाडीच्या एका ओळीत दोनच जागा असतात. तिघांचे कुटुंब आले की एक जागा रिकामी राहते, आणि ती भरण्यासाठी एकेकट्या माणसांची, सिंगल रायडरची, वेगळी रांग असते. ती रांग बहुतेक वेळा भराभर सरकते. सगळ्या राइडना ही सोय नसते, हे ध्यानात ठेव, पण जिथे आहे तिथे तुझ्या एकटीने जाण्याचा तुला चक्क फायदा होईल. आणि दुसराही एक फायदा आहे, जो मी शिक्षिका म्हणून मोठा मानते: कोणाला भूक लागली, कोणाचे पाय दुखले, कोणाला दुकानात जायचे आहे, यावर दर अर्ध्या तासाला होणारी वाटाघाट नसेल. वाघांच्या वाटेवर, त्या पडक्या राजवाड्याच्या कमानीपाशी, आपण तिघांनी मिळून दहा मिनिटेसुद्धा काढली नाहीत. तुला तिथे सकाळभर बसायचे होते, हे मला तेव्हाच तुझ्या चेहऱ्यावर दिसले होते.

आता जे कठीण जाईल तेही लिहिते. दिवसा, रांगेत आणि राइडवर, तुला एकटे वाटणार नाही. वाटेल ते संध्याकाळी सहानंतर, जेवणाच्या वेळी आणि आतषबाजीच्या वेळी. मॅजिक किंगडम या उद्यानात किल्ल्यासमोरच्या रस्त्यावर लोक दाटीवाटीने उभे राहतात आणि प्रत्येक बापाच्या खांद्यावर एक मूल असते. त्या गर्दीत पहिल्याच रात्री जाऊन उभी राहू नकोस. बाबांचा गुडघा दुखत होता म्हणून आपण बोटीने अलीकडे येऊन तिकीट केंद्राच्या धक्क्यावरून, तळ्यापलीकडे आतषबाजी पाहिली होती, ते तुला आठवत असेल. तिथे मोकळी हवा होती आणि पाण्यात प्रतिबिंब दिसत होते. तुला तीच जागा बरी पडेल. जेवणाचे म्हणशील, तर एपकॉट या उद्यानात तळ्याभोवती जे अकरा देश मांडले आहेत, तिथे फिरत फिरत थोडे थोडे खाता येते आणि टेबल अडवून एकटीने बसावे लागत नाही. त्या अकरांत भारत नाही, याची खंत मला तेव्हाही वाटली होती. एक दिवस मात्र नीट बसून जेव. ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना नावाच्या ज्या उपाहारगृहात आपण नान आणि चटण्या-लोणच्यांच्या वाट्या मागवल्या होत्या आणि खिडकीबाहेर जिराफ उभा होता, तिथे दुपारी जा. ते ताट एकटीला जास्त होईल, पण उरलेले बांधून घ्यायला संकोच करू नकोस.

पैशांबद्दल बाबांनी सांगितले ते त्यांच्याच हिशेबाने लिहिते. तिथल्या हॉटेलात खोलीचे भाडे दोघांना धरून असते, त्यामुळे एकटी गेलीस तरी ते निम्मे होणार नाही. म्हणून पाच रात्रींऐवजी तीन रात्री धर. दिवस वाढवले की तिकिटाचा रोजचा दर उतरतो खरा, पण त्या मोहाने दिवस वाढवू नयेत, कारण खोली, जेवण आणि थकवा हे तिन्ही वाढतात. शहरातले स्वस्त हॉटेल आणि भाड्याची मोटार असा तुझा विचार होता. तो मला पटत नाही. दिवसभरात पंधरा-वीस हजार पावले चालून झाल्यावर रात्री अनोळखी रस्त्यावर गाडी चालवायला बरोबर दुसरे कोणी नसेल. डिस्नेच्या आवारातल्याच साध्या हॉटेलात राहा, तिथून त्यांच्या बसगाड्या सर्व उद्यानांना फुकट जातात. चार उद्यानांपैकी तीनच पाहा.

तारखांविषयी माझे मत ठाम आहे. नाताळच्या आठवड्यात तुला रजा आहे म्हणून तू तो विचार करीत होतीस, पण वर्षातली सर्वांत मोठी गर्दी तेव्हाच असते, भावही तेव्हाच चढलेले असतात, आणि सणाच्या दिवशी परक्यांच्या कुटुंबांत एकटीने वावरणे हे मुद्दाम ओढवून घेतल्यासारखे होईल. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जा. आपण जुलैत गेलो ती चूकच होती, आणि भूगोल शिकवणाऱ्या बाईने ती करायला नको होती. फ्लोरिडा हे द्वीपकल्प आहे; उन्हाळ्यात जमीन तापली की एका बाजूने अटलांटिकवरून आणि दुसऱ्या बाजूने मेक्सिकोच्या आखातावरून वारे आत येतात, मधल्या भागात एकमेकांना भिडतात, आणि म्हणून जवळजवळ रोज दुपारी गडगडाटासह पाऊस कोसळतो. जानेवारीत तसे नसते. दुपारी साधारण बावीस अंश आणि रात्री स्वेटर लागेल एवढी थंडी, म्हणजे आपल्याकडचा चांगला हिवाळा.

काळजीच्या सूचना थोड्याच लिहिते, कारण बाकीच्या तुला माहीत आहेत. हॉटेलचे नाव आणि विमानाच्या वेळा माझ्याकडे आणि तुझ्या शार्लट शहरातल्या एका मैत्रिणीकडे लिहून दे. रात्री खोलीवर पोचलीस की दोन शब्दांचा निरोप पाठव. तेव्हा इथे सकाळ असते आणि आम्ही चहा घेत असतो. तुझी अर्धशिशी गरगर फिरणाऱ्या राइडनंतर उठते, तेव्हा बरोबर कोणी नसताना त्या राइड सोडून दे, आणि डोके दुखू लागलेच तर प्रत्येक उद्यानात प्रथमोपचाराची खोली असते, तिथे जाऊन पड. पाणी विकत घेऊ नकोस. झटपट खाण्याच्या काउंटरवर मागितले की बर्फ घातलेले पाणी फुकट देतात.

दुसऱ्या दिवशी दुपारीच कंटाळा आला तर बसने खोलीवर येऊन झोप, किंवा तिकीट बदलून घरी ये. पैसे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. आणि हे सर्व वाचूनही तुला जावेसे वाटले नाही, तरी माझी हरकत नाही. मात्र रजा, पैसे, प्रकृती यांपैकी काही आड येत असेल तर नको म्हण, मी त्या दिवशी फोनवर जे बोलले ते कारण धरू नकोस. मैत्रिणींची वाट पाहण्याबद्दल मात्र सांगते, की एकीच्या मांडीवर पुढच्या वर्षी तान्हे मूल असेल आणि दुसरीच्या रजेची आजच कोणाला खात्री देता येत नाही.

एक गोष्ट राहिली. या खेपेला पिशव्या धरायला बाकावर मी नसेन. म्हणून बाबांच्या जुन्या खादीच्या सदऱ्याची एक छोटी पिशवी शिवली आहे, कमरेला बांधता येईल अशी, चेनची, आत चष्म्यासाठी वेगळा कप्पा आणि त्याला मऊ अस्तर. शेजारच्या काकूंचा मुलगा डिसेंबरात अमेरिकेला परत जातो आहे, त्याच्याबरोबर पाठवते. तो तुला पोस्टाने पाठवील. पट्ट्याची लांबी तुझ्या जुन्या मापावरून अंदाजाने ठेवली आहे. आताचे कमरेचे माप कळव, म्हणजे त्याच्या जाण्याआधी दुरुस्त करता येईल.

तुझी,
आई