प्रिंटरची शाई भरणाऱ्या दादांना

स. न. वि. वि.

दादा, तुमच्या दुकानात मी आले होते प्रिंटरची शाई भरून घ्यायला. शाई भरून होईपर्यंत काउंटरवर उभ्या उभ्या फोनवरून २५ हजार पाठवत होते. पिनचे सहापैकी चार आकडे टाकून झाले होते. "ताई, एवढे कुणाला?" असं तुम्ही विचारलंत आणि खरं सांगते, मला रागच आला. ओळख ना पाळख, आणि पैशांची चौकशी!

आमच्या सांगलीच्या हळदीला सासऱ्यांच्या काळापासून एकच नाव आहे. त्या नावाचं डॉट कॉम पुण्यातल्या एका गृहस्थांनी आधीच घेऊन ठेवलेलं. साइट उघडत नव्हती. ते म्हणाले, रिन्यूअल राहिलंय, तुमच्या नावावर झालं की भरा, लगेच सुरू होईल. मला पटलं, म्हणून ते पैसे त्यांनाच पाठवत होते.

तुम्ही हाताची शाई पुसलीत, त्या नावाची इंटरनेटवरची नोंद काढलीत आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवलीत. मुदत संपायला अजून १४ महिने होते. "बारा महिन्यांच्या आत असती तर मीही फसलो असतो," म्हणालात, कारण मुदत संपली की डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था, ती आपोआप वर्षभर पुढे सरकवते, पैसे भरलेले असोत नसोत. इथे मात्र रिन्यूअलचा प्रश्नच नव्हता. खाली एक ओळ होती: क्लायंट होल्ड. म्हणजे नाव रोखून ठेवलेलं. हा रजिस्ट्रारनं, म्हणजे ज्या कंपनीकडून नाव घेतात तिनं लावलेला. तो असेपर्यंत नाव डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यादीत जातच नाही. साइट नाही, त्या नावाचा ईमेलही नाही. मी नुसती मान हलवत होते. मग तुम्ही म्हणालात, "ताई, सातबारा त्यांच्याच नावावर आहे, पण इतर हक्कात बोजा चढलाय. बोजा कसला ते न बघता तुम्ही इसार देताय." तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. मी ते चार आकडे खोडले.

फसवणुकीच्या तक्रारीवरून होल्ड लागला असेल, तर नाव माझ्याकडे आलं तरी तो सुटेलच असं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. साइटची जुनी रूपं जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर जुनी पानं काढून पाहिलीत, बदनाम नावांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसकडे शोधलंत. सापडलं काय, तर 'लवकरच येत आहे' असं एकच पान. गिऱ्हाइकं ताटकळली होती, एक काका तर कुरकुरत निघूनही गेले.

मग पुण्याला फोन लावून दिलात. ते गृहस्थ लबाड नव्हते हो, त्यांनाच ठाऊक नव्हतं. नोंदीतला ईमेल जुन्या नोकरीचा, कधीच बंद पडलेला. रजिस्ट्रारची वर्षातून एकदा येणारी आठवण परत गेली, पडताळणीची मेल कुणी पाहिलीच नाही. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर रजिस्ट्रारनं स्वतः खात्री करायची, नाहीतर नाव रोखायचं, असा आयकॅनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा नियम. त्यांनी ओळखपत्र पाठवलं, ईमेल बदलला, लिंक दाबली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तुमचा फोन: "ताई, होल्ड गेला."

नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचा माझा हट्टही तुम्हीच मोडलात. मालक बदलला की ६० दिवसांचं कुलूप बसू शकतं, त्यापेक्षा तिथेच खातं उघडा आणि खात्यातून खात्यात घ्या, म्हणालात. अर्धे पैसे आधी, उरलेले नाव माझ्या खात्यात दिसल्यावर. तसंच केलं.

एवढं करून तुम्ही फक्त शाईचे पैसे घेतलेत. मी पावशेर हळदीची पुडी ठेवली, तर तिचेही शंभर रुपये माझ्या पिशवीत टाकलेत. यंदाची राजापुरी शिजवून वाळत पडली आहे. दळून आली की किलोभर पाठवते. तेव्हा मात्र नोट काढू नका.

आपली,
हळदवाली ताई